योनाच्या माशाचं पोट

मी बोलतोय, खारदांड्याच्या मच्छीबाजारातला थर्माकोलचा खोका. नाक धरलंत? धरा. उभा जन्म बांगड्यांच्या आणि बर्फाच्या संगतीत गेला, आता मोगऱ्याचा वास कुठून आणू?

शिक्षण बेताचंच. अंगावर चिकटलेली लेबलं वाचली तेवढं. पण खोड्या भरपूर. माझ्या बुडाला बर्फाचं पाणी निथळायला बोटभर भोक आहे. ऐटीत आलेल्या कितीतरी साहेबांच्या बुटांवर मी त्यातून धार सोडली. साहेब वनमाला कोळणीवर डोळे वटारायचा, मी गप्प.

कोपरा तुटला तसा वनमालेने मला भिंतीशी टाकला. तिला विचारून मला घरी नेला तिसरीतल्या अक्षताने.

का, ते ऐका. अंधेरीच्या एका चर्चमध्ये तिची संडेस्कूल, म्हणजे रविवारची शाळा. तिथे ती योनाची गोष्ट सांगायला उभी राहिली. बायबलमधला हा योना म्हणजे माझ्याहून वांड. देवाने एकीकडे धाडला, हा जहाजात बसून भलतीकडे पळाला. वादळ आलं, समुद्रात पडला, मोठ्या माशाने गिळला. एवढं सांगून अक्षताचा आवाजच गेला.

"हिला गोष्ट कळलीच नाय," वर्गातला सर्वेश म्हणाला. पोरं हसली. ते तिला फार लागलं.

नीला टीचर म्हणाल्या, "तोंडाने राहू दे. पुढच्या रविवारी सगळ्यांनी योनाचा मासा बनवून दाखवा."

रविवारी टेबलावर मासेच मासे. चमकीचे खवले, बटणांचे डोळे. मधोमध मी, वासासकट. चर्चची झाडलोट बघणारे चंद्रप्रकाश काका धावतच आले.

"ए बाय, हा कचरा बाहेर ठेव. चर्च आहे, मच्छीबाजार नाय."

"काका, योनाच्या माशाने सेंट मारलं होतं का?"

मी मनातल्या मनात टाळी दिली. पण टीचरही गोंधळल्या. "अगं, मासा कुठाय? डोळे नाहीत, शेपूट नाही."

अक्षताचा आवाज पुन्हा बारीक झाला. आता रडते की काय, असं वाटलं.

"टीचर, योनाला तरी कुठे दिसला मासा? तो आत होता ना."

तिने सर्वेशला खाली बसवलं आणि मला उपडा करून त्याच्या डोक्यावर घातला. आतून मी काळाकुट्ट रंगवलेला. शेवाळ म्हणून टांगलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्याच्या कानांना बिलगल्या. तो हसायला गेला आणि हसू तोंडातच राहिलं. वर, अगदी टाळूवर, उजेडाचा एकच ठिपका होता.

"हे भोक कशाला गं?" त्याने हळूच विचारलं.

"तिथून त्याची प्रार्थना वर गेली, देवाकडे."

मी थिजलोच. जन्मभर मी त्या भोकातून खाली पाणीच गाळत आलो. त्यातून वरही काही जातं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग माझ्या आत बसायला रांग लागली. शेवटी चंद्रप्रकाश काका बसले. बराच वेळ उठलेच नाहीत. उठले ते डोळे पुसत. "वास फार आहे," म्हणाले.

आता मी त्यांच्याच खोलीत, कपाटावर मानाने असतो. कधी आलात तर जरूर डोकं घाला. नाक धरलंत तरी चालेल. ते भोक तेवढं बुजवू नका.