डिकीतला रिपोर्ट

“ताई, रिपोर्ट स्वतः येऊन न्या. दुसऱ्या कुणाला सही देऊन बसू नका.”

शवागाराच्या खिडकीतले कारकून असं म्हणाले, तेव्हा मी नुसती मान हलवली. कडेवर आठ महिन्यांची लेक रडत होती, आत नवरा होता. आणि शेजारी भाऊजी उभे होते. नवऱ्याचे सुपरवायझर, बारा वर्षं एका डब्यात जेवलेले.

“अहो वहिनी, मी असताना तुम्ही कशाला खेटे घालायचे?”

त्यांच्याच पेनने मी अधिकारपत्रावर सही केली. मी पदवीधर बाई. लेकीच्या औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरंही दोनदा वाचते. तो कागद मात्र वाचला नाही.

नवरा कारखान्यात टाक्या साफ करायचा. त्या दिवशी टाकीत उतरला तो स्वतःच्या पायांनी वर आलाच नाही. कंपनी म्हणाली, हार्ट अटॅक. कामगार भरपाई आणि विमा, दोन्ही अर्ज पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टवाचून अडले.

“आला का हो?” मी भाऊजींना दर आठवड्याला विचारायची.

“कुठला! सरकारी काम आणि सहा महिने थांब. मी हात धुऊन मागे लागलोय त्यांच्या.” मग ते लेकीसमोर मूठ झाकायचे, उघडायचे. “गेलं, गेलं, काहीच नाही!” ती खिदळायची.

एक दिवस पत्र आलं. रिपोर्ट मुदतीत न आल्याने भरपाईचा अर्ज बंद.

लेकीला घेऊन मी एकटीच खिडकीवर गेले. कारकुनांनी मला ओळखलं. रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “रिपोर्ट तर केव्हाच गेलाय, ताई. ही बघा सही.”

भाऊजींचीच होती. मी तारीख पाहिली. ती तारीख लेकीच्या लसीच्या कार्डावर होती, नववा महिना. त्या दुपारी भाऊजींनीच आम्हाला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं होतं. दुपट्यांची पिशवी ठेवायला मी डिकीला हात लावला, तर म्हणाले, “भरलीय हो वहिनी, मांडीवरच घ्या.”

कारकुनांनी कपाटातली प्रत काढून दाखवली. मृत्यूचं कारण, विषारी वायू. टाकीत वायू नाही ना, हे तपासून मगच माणूस खाली सोडायचा, हे काम भाऊजींचं होतं.

बाहेरच्या बाकावरून मी त्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

“वहिनी, मलाही दोन पोरी आहेत हो.”

खोटं बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं.

प्रत जोडून मी पुन्हा अर्ज केलाय. तो उघडतील की नाही, कुणी सांगत नाही. लेक आता चालते. गल्लीत स्कूटर थांबली की हातातलं टाकून दाराशी जाते, मूठ पुढे करून उभी राहते.

तुमच्या ओळखीत कामावर गेलेलं कुणी असंच परत आलं नसेल, तर आज त्यांच्या घरी जाऊन या. धीर देऊ नका, तो सगळेच देतात. तिथल्या बाईला एवढंच विचारा, रिपोर्ट आणायला कोण गेलंय?