मम्मीजींचं सीके

माझी लेक प्रियल वर दादीजवळ आहे, तोवर लिहून घेते.

नणंदेचं, एकताचं लग्न तोंडावर आलं आणि सासूबाईंच्या, म्हणजे मम्मीजींच्या, मांड्या अशा भरून आल्या, की त्या जिना उलट्या पावलांनी उतरायला लागल्या. संगीताच्या आदल्या दिवशी मी त्यांना नमिराकडे नेलं. नमिरा माझी बीएस्सीची मैत्रीण, पुढे डॉक्टर झाली. कडेवर प्रियल होतीच.

रक्ताचा रिपोर्ट पाहून नमिरा म्हणाली, "सीके साडेचार हजार. दीडशेच्या आसपास हवं."

"म्हंजे काय, बेटा?"

"क्रिएटिन काइनेज, मावशी. स्नायूला झटपट ताकद पुरवणारं एन्झाइम. तुमच्या सुनेला, हेमांगीला विचारा, याचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं हे घोकून घोकून तिने माझं डोकं खाल्लंय. त्याने स्नायूतच राहायचं. धागे तुटले की रक्तात पाझरतं. हृदय, किडनी ठीक आहे तुमची. दुकानातलं मिरचीचं पोतं उचललंत का?"

"मी ते बठीच ऱ्हास. सामायिक करस."

हे खरं. रोज दुपारी प्रियलला घेऊन त्या माळ्यावरच्या खोलीत सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसतात, आतून कडी.

"कष्ट नाहीत आणि एवढं सीके?" नमिराचा आवाज बदलला. "मग स्नायूंचा आजार असू शकतो. आजच सुरतेला मोठ्या हॉस्पिटलात जा."

मम्मीजींचा चेहरा एवढासा झाला. "उद्या पोरनं संगीत शे," एवढंच बोलल्या.

तेवढ्यात रस्त्यावरून वरातीचा ढोल गेला. प्रियल माझ्या मांडीवरून घसरली, फ्रॉकची दोन टोकं धरली, उकिडवी बसली, उठून गिरकी, परत उकिडवी, परत गिरकी.

"दादी अशी," ती नमिराला म्हणाली. "लोज."

सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. महिनाभर त्या दोन-दोन तास वर होत्या, आणि उरलेला तास कुठे जातो हे मी विचारलं नव्हतं. तेवढा वेळ मला लिहायला मिळत होता ना.

"सामायिक झाल्यावर," मम्मीजी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "घूमर. पन्नास बैठका. एकताले सांगू नका."

नमिराने चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून. "सुरत रद्द. भरपूर पाणी, नाच बंद, आठवड्याने पुन्हा रक्त."

"बसून नाचू?"

"पाय हलला तर मी स्वतः सुरतेला नेईन."

संगीतात मम्मीजी मधोमध खुर्चीवर बसल्या आणि फक्त हातांनी, मानेने, भुवयांनी घूमर केली. एकता आधी रडली, मग खुर्ची ओढून शेजारी बसली. मग मावश्या, मग काक्या. शेवटी पुरुषांना खुर्ची उरली नाही, त्यांनी उभ्याने जिलेबी खाल्ली.

काल रिपोर्ट आला. एकशे चाळीस.

आज अठ्ठेचाळीस मिनिटं होऊन गेली. वरून धप, धप, आणि मागोमाग एक छोटंसं धप. वही मिटते. ती गिरकी मलाही शिकायचीय.