वापर : नाही

सव्वीस वर्षांत माझ्या गाडीच्या ब्रेकचा वास कुणाला आला नव्हता. ही बढाई वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. घाटातून अवजड गाडी खाली आणणारा ड्रायव्हर कसा आहे हे बघायचं असेल, तर त्याच्या मिशांकडे बघू नका. खाली आल्यावर त्याच्या चाकाजवळ वाका आणि नाक लावा. करपल्याचा वास आला तर तो ड्रायव्हर नव्हे, नशिबाने वाचलेला इसम आहे.

नियम तसा एकच. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, आणि तो गिअर माथ्यावरच टाकायचा, उतार लागायच्या आधी. गाडी इंजिनाने धरायची. वेग वाढला की ब्रेक एकदा ठाम दाबायचा आणि सोडून द्यायचा. पाय ठेवून बसायला ते पेडल म्हणजे पाट नव्हे. एवढं साधं आहे, आणि एवढंही लोकांना कळत नाही म्हणून मी माथ्यावरच्या थांब्यावर अकरा वर्षं येईल त्या ड्रायव्हरला थांबवून सांगत आलो. मला कुणी सांगायला ठेवलं नव्हतं. काहीजण मला बघून झोपेचं सोंग घ्यायचे. मी दारावर थापा मारून त्यांना उठवायचो. त्यांनी माझं नाव 'दुसरा गिअर' ठेवलं, पण उतरायचे मात्र दुसऱ्या गिअरमध्येच.

आता या शहाणपणातून घरात भांडण कसं उभं राहिलं ते सांगतो.

घाटाच्या सहाव्या किलोमीटरला रस्त्यापासून एक फाटा फुटतो आणि डोंगराच्या अंगावर चढत जाऊन संपतो. त्यात छातीएवढी खोल गोल खडी भरलेली आहे. ब्रेक गेलेली गाडी त्यात घातली की चाकं रुततात आणि गाडी थांबते. पाटीवर त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं 'खडी' म्हणतो. ही खडी दाबून घट्ट झाली तर गाडी तिच्यावरून सरळ पळत जाईल, म्हणून ती रोज उकरून मोकळी करावी लागते. त्यासाठी एक माणूस नेमलेला आहे. तो माणूस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

मेहुणे रोज सकाळी सात वाजता दाताळं घेऊन उभे राहायचे ते दुपारपर्यंत. एकशेवीस मीटर खडी, वरपासून खालपर्यंत. सुरुवातीला ते नुसती उकरायचे. मग हळूहळू रेषा सरळ यायला लागल्या. मग रेषा इतक्या सरळ यायला लागल्या की येणारेजाणारे काच खाली करून बघायचे. एकदा एक कुत्रं मधून चालत गेलं, तर मेहुण्यांनी त्याला मारलं नाही, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. काम झालं की कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत बसून नोंदवहीत तारीख घालायची आणि पुढे लिहायचं, 'वापर : नाही.' अकरा वर्षांत चार हजार वेळा त्यांनी 'नाही' लिहिलं. अक्षर छापल्यासारखं.

मग एक दिवस कार्यालयाचं पत्र आलं. 'सदर सुविधेचा वापर अकरा वर्षे शून्य असल्याने तिची गरज नसल्याचे सिद्ध होते. सबब सुविधा महिनाअखेर बंद करण्यात येत असून देखभाल कर्मचाऱ्याचे पद रद्द समजावे.'

मी ते पत्र वाचून कपाळाला हात लावला. घराला अजून आग लागली नाही म्हणून विहीर बुजवायला निघालेली ही माणसं! पण धाकटी माझ्या स्वयंपाकघरात पदर खोचून उभी होती आणि तिला कार्यालयावर रागवायचंच नव्हतं.

"दादा, हे तुझ्यामुळे झालं."

"माझ्यामुळे?"

"मग कुणामुळे? माथ्यावर उभं राहून सगळ्यांना शहाणं कोणी केलं? अकरा वर्षांत एकाला तरी बिघडू दिलंस का?"

"अगं, लोक मरायला हवे होते का?"

"मरायला कशाला? खडीत गेले असते, उतरले असते, चहा प्यायले असते. यांनी सगळी तयारी ठेवली होती." तिने डोळे पुसले. "तूच जा ना एकदा. सख्खा भाऊ आहेस. एकदाच."

"तिथे माणसं नाइलाजाने जातात."

"तू आवडीने जा."

माझी बायको भाजी चिरताना म्हणाली, "जा की हो. तेवढंच तुमच्या हातून काहीतरी वेगळं होईल."

मेहुणे कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते एकच वाक्य बोलले, तेही जमिनीकडे बघत. "नोकरीचं जाऊ दे. पण ती खडी चालते की नाही, हे मला अजून माहीत नाही, दादा."

मी प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. पुढच्या खेपेला ठरवून निघालो की आज ब्रेक तापवायचे. कारण थंड ब्रेकने खडीत घुसलं तर कार्यालयवाले तो वापर धरत नाहीत, नुसता खोडसाळपणा धरतात. पण माझा पाय ऐकेना. पेडल दाबायचो आणि दोन सेकंदांत पाय आपोआप वर. हात आपोआप दुसऱ्या गिअरवर. सहावा किलोमीटर आला तेव्हा मी बैलगाडीच्या वेगाने खडीवरून पुढे गेलो. मेहुण्यांनी दाताळं वर करून सलाम केला. मला स्वतःची लाज वाटली. वाईट वागायचीही सवय असावी लागते, ती मला नव्हती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कार्यालयाने मला बोलावलं. खडीचं तोंड बंद करायला काँक्रीटचे दहा ठोकळे न्यायचे होते, एकेक अडीच टनांचा. घाटातला सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर म्हणून ते काम मला दिलं होतं. नाही म्हणालो असतो तर दुसरा कुणीतरी नेणार होता, तिसऱ्या गिअरमध्ये. मी ठोकळे साखळ्यांनी आवळले, प्रत्येक साखळी तीनदा ओढून बघितली आणि निघालो. शेजारी कार्यालयाचे साहेब बसले. खिशात पेन, मांडीवर डबा, दुसऱ्या खिशात शिक्का.

माथ्यावर मी गाडी थांबवली. खाली उतरून एकेका चाकाच्या ड्रमजवळ हाताचा पंजा धरला, गरम आहे का बघायला. ब्रेकच्या हवेचा काटा बघितला. दुसरा गिअर टाकला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हे काय? असे तर आपण संध्याकाळी पोचू. अकरा वाजता फोटो आहे. ठोकळा ठेवतानाचा."

"साहेब, पंचवीस टन माल आहे."

"मग? उतारच तर आहे. गाडी आपोआप जाते."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षं मी ज्या वाक्याशी भांडत आलो ते वाक्य माझ्याच केबिनमध्ये, माझ्याच शेजारी बसून बोलत होतं. मी म्हणालो, "लेखी द्या."

मला वाटलं, घाबरेल. साहेबाने पॅड काढलं आणि लिहिलं, 'चालकाने वाहन चौथ्या गिअरमध्ये उतरवावे.' खाली सही केली. मग शिक्क्यावर हा करून तोंडाची वाफ दिली आणि शिक्का मारला. कागद मी खिशात घातला.

आता माझी चूक ऐका, कारण ती फक्त चांगला ड्रायव्हरच करू शकतो. नवशिका असता तर सरळ नाही म्हणाला असता. मी मनात म्हटलं, दोन वळणं चौथ्यात घेतो, याच्या तोंडचं पाणी पळवतो, मग दुसऱ्यात येतो. मला काय, माझ्या हातात सव्वीस वर्षं आहेत. उतारावर वेग घेतलेली गाडी खालचा गिअर घेत नाही, हे मी किती जणांच्या दारावर थापा मारून सांगितलं होतं! पण माझ्या दारावर थाप मारायला कुणी नव्हतं.

दोन वळणं झाली. साहेबांनी दाराची कडी धरली होती. मी समाधानाने क्लच दाबला, चौथा काढला आणि तिसरा टाकायला गेलो. गिअरबॉक्स दात खात ओरडला. गिअर जाईना. परत चौथा टाकायला गेलो, तोही जाईना. पंचवीस टन काँक्रीट पाठीवर घेऊन आम्ही न्यूट्रलमध्ये डोंगर उतरत होतो.

मग मी ब्रेकवर पाय दिला आणि ठेवला. तो वास आला. देवाशपथ सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आहे. मी आरशात बघितलं. मागे कुणीच नव्हतं, माझ्याच चाकांतून पांढरा धूर निघत होता. पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला स्टिअरिंगसमोर माझी बायको भाजी चिरताना दिसली.

"पुढे ती खडी आहे ना?" साहेब डबा छातीशी धरून ओरडले.

"आहे. पण आपण ती बंद करायला निघालोय."

"अजून केलेली नाही! अजून केलेली नाही!"

वळण आलं आणि खडी दिसली. तोंडाशीच मेहुणे उभे होते. शेवटचा दिवस म्हणून त्यांनी पहाटेपासून काम केलं होतं, आणि खडी आजच्याइतकी सुंदर मी कधी बघितली नव्हती. एकशेवीस मीटर सरळ रेषा, एकही दगड ओळ सोडून नव्हता. त्यांनी मला येताना बघितलं आणि दाताळं आडवं धरून दोन्ही हात वर केले. मला वाटलं स्वागत करतायत. ते ओरडत होते, "थांबा! आत्ताच झालंय!"

मी हॉर्न दाबला. ते शेवटच्या क्षणी बाजूला उडाले.

पत्र्यावर कुणी पोतंभर गोट्या ओतल्यासारखा आवाज झाला. स्टिअरिंग हातातून हिसकत होतं. काचेवर खडी उडत होती. मग कुणीतरी मागून धरून ठेवावं तशी गाडी जड झाली, आणखी जड झाली, आणि सत्तर मीटरवर थांबली. साखळ्या तुटल्या नाहीत. एकही ठोकळा हलला नव्हता. डब्याचं झाकण तेवढं उघडलं होतं.

मी खाली उतरलो, पाय घोट्यापर्यंत आत गेले. मेहुणे माझ्याकडे बघत नव्हते, गाडीच्या मागे राहिलेल्या दोन खोल चाकोऱ्यांकडे बघत होते. "काय केलंत हे, दादा," ते पुटपुटले. मग वाकले, चाकोरीत हात घालून खोली बघितली, चाकाला हात लावला आणि चटका बसला तरी काढला नाही. आणि हा अकरा वर्षांत कधी आवाज न चढवलेला माणूस खडीत मांडी घालून बसला आणि मोठ्याने रडायला लागला.

"चालते," ते म्हणाले. "दादा, चालते हो ही."

मी पण रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

थोड्या वेळाने साहेब केबिनमधून उतरले. त्यांनी नोंदवही मागवली. मेहुणे वही घेऊन आले, पण देताना त्यांचा चेहरा उतरला. आजच्या तारखेपुढे आधीच लिहिलेलं होतं, 'वापर : नाही.' वही आज जमा करायची म्हणून त्यांनी सकाळीच पान पूर्ण करून ठेवलं होतं. चार हजार वेळा लिहिल्यावर आज काही वेगळं होईल असं कुणाला वाटणार?

साहेबांनी चष्मा पुसला. "खाडाखोड चालत नाही. नोंदीप्रमाणे आज वापर झालेला नाही."

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही आत बसला होता."

"ते खरं. पण नोंद..."

चाकांतून अजून धूर निघत होता. मी खिशातून त्यांचा शिक्क्याचा कागद काढला, उलगडला आणि वहीशेजारी ठेवला. साहेबांनी आपलीच सही बराच वेळ वाचली. मग पेन काढून मेहुण्यांच्या छापल्यासारख्या अक्षराखाली वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'वरील नाही चूक आहे. वापर झाला. मी आत होतो.' आणि शिक्का मारला.

खडी राहिली. मेहुणेही राहिले. गाडी बाहेर काढायला दोन क्रेन लागल्या, आणि ठोकळे कुणी परत नेलेच नाहीत, आता जेवायच्या सुट्टीत मेहुणे त्यातल्याच एकावर बसतात. माझ्या नावापुढे लाल शेरा आला. माथ्यावर मी अजूनही दारावर थापा मारतो, तेव्हा पोरं खाली उतरतात, माझ्याच चाकाजवळ वाकतात आणि नाक लावून हसतात. हसू देत. हसून झालं की दुसरा गिअर टाकतात.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी आणि मेहुण्यांनी मिळून माझ्या चाकोऱ्या बुजवल्या. मला रेषा सरळ जमत नव्हत्या, ते मागून येऊन नीट करत होते. दुसऱ्या दिवसापासून ते परत रोज 'नाही' लिहितात. पण आता संध्याकाळी लिहितात, शेवटची गाडी खाली गेल्यावर.