ऑर्डरीआधीची टकटक

दाजींचा संशय असा, की आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी आधी विचारत, "तुला इथं कोणी पाठवलं?" शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान त्यांचं. ऑर्डरी घेणारा जावास्क्रिप्टचा सर्व्हर त्यांनीच लिहिलेला; गिऱ्हाइकाला दिसणारं पान मात्र मेव्हण्यानं केलेलं, तेही वेगळ्या पत्त्यावर. तिथंच पाल चुकचुकली.

सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक ऑर्डरीआधी कुणीतरी टकटक करून जायचं. नाव 'ऑप्शन्स'. आणायचं काही नाही, न्यायचं काही नाही. पत्ता मात्र मेव्हण्याच्या पानाचा. आणि असल्यांना "कोणीही या" म्हणणारी ओळ सर्व्हरमध्ये घातली होती तीही मेव्हण्यानंच.

"टेहळणी," दाजी बायकोला म्हणाले. "तुझा भाऊ उद्या समोर दुकान थाटणार."

"त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

"सोंग आहे ते. हाकलतोच त्याला."

आधी त्यांनी ती ओळ उडवली. दुपारपर्यंत टकटक चालूच, ऑर्डर मात्र एकही नाही. दाजींच्या कानशिलातून म्हणे असा धूर निघाला, की शेजारच्यानं खिडकी लावून घेतली. मेव्हण्याला समोर उभं करून ते म्हणाले, "टकटक करायला हेर पाठवलास, ऑर्डरी पळवल्यास. गाशा गुंडाळ."

मेव्हण्यानं पान उघडून सुयांचा एक पुडा मागवला. ब्राउझरमध्ये लाल अक्षरांत तक्रार उमटली.

"दाजी, हा हेर माझा नाही, गिऱ्हाइकाच्या ब्राउझरचा. पान एका पत्त्यावर, सर्व्हर दुसऱ्यावर. परक्या दारात ऑर्डर न्यायच्या आधी तो विचारतो, येऊ का? तुम्ही उत्तरच देईनासे झालात. मग ऑर्डर आणेल कशी?"

"म्हणजे त्याचाही कुणावर विश्वास नाही?"

"तुमच्याइतकाच."

दाजींना ब्राउझर एकदम आपला माणूस वाटला. मेव्हणा जुनी ओळ परत घालायला निघाला, तसा त्यांनी त्याचा हात धरला. "अख्ख्या जगाला कशाला बोलावतोस?" त्यांनी फक्त मेव्हण्याच्या पानाचा पत्ता लिहिला. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, तर ब्राउझरनं तेवढ्यावरून पुन्हा नकार दिला. "बघ, याला म्हणतात चोख," दाजी कौतुकानं म्हणाले, आणि रेघ खोडली.

सुयांची ऑर्डर आली.

"मग गाशाचं काय?" मेव्हण्यानं विचारलं.

"राहू दे आता." दाजींनी डोळे बारीक केले. "पण हा सुयावाला कोण, ते आधी सांग."

"मीच की. आत्ता तुमच्यासमोर मागवल्या."

"तेच म्हणतो. तुला सुया कशाला?"