नकाशातला जिना

काचेमागचा पिवळा मासा मिनिटाला चौऱ्याऐंशी वेळा कल्ले उघडत होता. प्रमोदिनीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दोनदा मोजलं. दुसऱ्या खेपेला ब्याऐंशी भरले. तेवढा फरक चालतो. घड्याळात अकराला दहा कमी होते, आणि गिरगावातल्या डॉक्टरांकडे अकराला पोचायचं होतं.

"अहो, निघायला हवं."

"अगं, कासव राहिलंय," श्रीपाद म्हणाला. "कल्याणहून इतक्या लांब येऊन भेटलो नाही तर त्याला काय वाटेल?"

ती हसली नाही. काल राणीच्या बागेत, मग म्युझियममध्ये, हाच माणूस प्रत्येक पिंजऱ्यापुढे आणि प्रत्येक मूर्तीपुढे असाच रेंगाळला होता.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी प्रमोदिनीला दोनदा तपासलं आणि सांगितलं, तुमच्यात दोष नाही, आता यजमानांना तपासून घ्या. गिरगावातल्या डॉक्टरांचा पत्ताही एका चिठ्ठीवर लिहून दिला. नुसतं गल्लीचं नाव आणि घराचा नंबर. ती चिठ्ठी श्रीपादच्या हातात ठेवली त्याला दीड वर्ष होत आलं. आधी रजा नव्हती, मग पावसाळा होता, मग ऑफिसात काम फार होतं. चिठ्ठी आली त्याच महिन्यात सासूबाईंनी खडवलीच्या वैद्याचा काढा सुरू केला होता. पहाटे पेला पुढे यायचा. प्याला की दुपारपर्यंत पोटात ढवळायचं. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवताना ती फळ्याला टेकून उभी राहायची. येत्या रविवारी नणंदेच्या, हेमाच्या मुलीचं बारसं होतं. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "तू स्वयंपाकाचं बघ. पाळण्यापाशी नको येऊस."

आणि एके दिवशी श्रीपाद आपणहून म्हणाला होता, दोन दिवस मुंबई बघू, त्यातच डॉक्टरांकडेही जाऊन येऊ, आईला काही सांगायला नको. तो रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचा. या सहलीचाही त्याने आखीव कागदावर नकाशा काढला होता. रस्ते प्रमाणात, कुठे किती वेळ थांबायचं ते शेजारी बारीक अक्षरात.

कासव बघून बाहेर आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. समोर समुद्र उन्हात पांढरा पडला होता.

"आता डॉक्टर दवाखाना बंद करून गेले असतील," श्रीपाद म्हणाला. "पुन्हा कधीतरी येऊ. आज हँगिंग गार्डन करू. म्हातारीचा बूट बघायचाय ना तुला?"

प्रमोदिनीने त्याच्या हातातला नकाशा घेतला आणि कठड्यावर पसरला. राणीची बाग म्हणजे एक चौकोन. म्युझियम, चौकोन. मत्स्यालय, चौकोन. गिरगावच्या गल्लीतलं घर मात्र वेगळं होतं. त्याच्या मागच्या अंगाला सात बारीक समांतर रेघा होत्या, त्यांवर एक बाण आणि शेजारी एक वर्तुळ. सहा वर्षं ड्राफ्ट्समनच्या घरात राहिल्यावर तिला एवढं वाचता येत होतं. रेघा म्हणजे जिना, वर्तुळ म्हणजे विहीर. चिठ्ठीत यातलं काही नव्हतं.

"आधी इथे जाऊ," ती म्हणाली. "रेल्वेचा पूल ओलांडला की गिरगावच."

"बंद असेल गं."

"असू दे."

ती पुढे चालली, तो मागे. ते घर सापडायला वेळ लागला नाही. समोर छत्र्यांचं दुकान. जिना कुठेच नव्हता. शेजारच्या अरुंद बोळातून ती आत गेली. मागे फरसबंद चौक होता, जाळी टाकलेली विहीर होती, आणि भिंतीला लागून लाकडी जिना डावीकडे चढत गेला होता. नकाशातला बाणही डावीकडेच होता.

ती जिना चढली नाही.

"कधी आला होतात तुम्ही?"

श्रीपाद विहिरीच्या जाळीकडे बघत राहिला. पाहिलेलं कागदावर उतरवायची हाताची सवय. आपण काय काढून बसलोय हे त्याला आत्ता कळत असावं.

"गेल्या वर्षी. फेब्रुवारीत."

"काय म्हणाले?"

"दोनदा तपासलं. पंधरा दिवसांनी परत बोलावून." त्याने रुमालाने मान पुसली. "मूल व्हायची आशा नाही म्हणाले."

एप्रिल चालू होता. चौदा महिने, चारशेच्यावर पहाटा. हिशोब तिने मुद्दाम केला नाही, तो होऊन गेला.

"सांगणार होतो गं. रोज ठरवायचो. आज इथे आणून डॉक्टरांकडूनच तुला कळू द्यावं, असं पक्कं केलं होतं. सकाळी निघालो तेव्हा पक्कंच होतं."

"आणि मग कासव लागलं वाटेत."

वरून कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. ते पन्हळातून खाली येईपर्यंत दोघंही त्या आवाजाकडे कान देऊन उभे राहिले.

"मूल नाही याचं दुःख मी करीन, सावकाश," प्रमोदिनी म्हणाली. "पण पेला मी तुमच्यादेखत रिकामा करत होते. तुम्ही समोर बसून पेपर वाचायचात."

"आईला कळलं तर ती…"

"मी आईंना सांगणार नाही. कुणालाच नाही. पण कुणी विचारलं तर आजवर तुमच्या वाटचंही उत्तर मीच देत आले. ते आता देणार नाही."

हँगिंग गार्डन राहिलं. रात्री मुक्कामाला ठाण्यात कोपरीला, तिच्या मावशीकडे जायचं आधीच ठरलेलं होतं. तिन्हीसांजेला ते तिथे पोचले. कमळाबाई ओसरीवरच बसल्या होत्या.

"या जावईबापू. राणीच्या बागेतून सोडलं म्हणायचं तुम्हाला."

"नाव लिहून घेतलंय त्यांनी," श्रीपाद म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

चहा झाला. काय काय बघितलं ते श्रीपादने सांगितलं. बोट, वाघ, राजांच्या तलवारी, मासे. प्रमोदिनी मावशीपुढची मेथीची जुडी ओढून निवडायला लागली.

"मासे बघितलेत ते बरं केलंत," कमळाबाई म्हणाल्या. "पण एवढे मोठमोठे डॉक्टर पडलेत मुंबईत, हिला दाखवून आणायचं होतंत. काय गं पमे, स्वतःच्या मावशीपाशी लाज कसली? काय अडतंय तुझं?"

असं कुणी विचारलं की प्रमोदिनी म्हणायची, देवाच्या मनात असेल तेव्हा. आणि पाणी आणायला उठायची. आज ती उठली नाही. एक काडी घेतली, पानं खुडली, देठ बाजूला ठेवला. दुसरी घेतली.

"अगं, तुला विचारतेय मी."

तिने मान वर केली नाही. कमळाबाईंनी आधी भाचीकडे पाहिलं, मग जावयाकडे. स्टेशनाकडून मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली. निवडलेल्या पानांचा ढीग वाढत होता.

श्रीपादने रिकामी बशी खाली ठेवली.

"मावशी, तिचं काही अडत नाही," तो म्हणाला. "दोष माझ्यात आहे. मला चौदा महिने माहीत आहे. उद्या कल्याणला गेल्यावर, चपला काढायच्या आधी, मी आईला हे सांगणार आहे."