दोन आणि सात यांच्यामधला ठिपका

टर्पेंटाइनची बाटली.

पऱ्हाटी, तिला पाच बोंडं.

नागपूरकडे तोंड करून उभा असलेला ट्रक.

गिलासात ठेवलेला खडू.

एक लाल ठिपका.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे, फक्त अजून आपापल्या घरात बसवलेलं नाही. मी एक जुनी फळी आहे. इचोड्यात हमरस्त्यालगत चंपतरावांचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे, त्याच्या भिंतीवर मी असते. माझ्यावर सुडोकूचं कोडं रंगवलेलं आहे.

मला घडवलं चंपतरावांच्या मुलीनं, तेजस्विनीनं. ती आदिलाबादला हॉस्टेलवर राहून शिकत होती आणि कोडी तयार करत होती. ती आधी सगळी घरं भरायची, मग एकेक आकडा काढून घ्यायची. एक काढला की पुन्हा सगळं सोडवून बघायची. उत्तर एकच निघालं पाहिजे. दोन निघाली तर कोडं नासलं.

तिचं पहिलं कोडं नासलंच होतं. ते कागदावर होतं. नागेश नावाच्या ट्रक ड्रायव्हरनं एक उत्तर काढलं, त्याच्या क्लीनरनं दुसरं, आणि दोघंही बरोबर! हॉटेलभर हसू झालं. तेजस्विनी तेव्हा हसली नाही.

म्हणून माझ्या वेळी तिनं फार जपून काम केलं. माझ्या खालच्या कडेला तिनं नियम लिहिले:

एक ते नऊ आकडे प्रत्येक ओळीत, उभ्या रांगेत आणि चौकटीत एकदाच.

घरांवरून रंगवलेल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, बुडापासून शेंड्याकडे आकडे वाढत जातील.

दोन घरांमधल्या रेघेवर लाल ठिपका असेल तर ते आकडे लागोपाठचे. चार-पाच, आठ-नऊ.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या आधीच, ती सुट्टीसाठी मामाकडे यवतमाळला गेली आणि तिकडूनच हॉस्टेलवर परतली.

गिऱ्हाइकं पऱ्हाटी ओळखून खूश झाली. "बोंडं तं मस्त फुटली हो!" म्हणाली. आकडे खडूनं लिहायची, चुकले की घरातल्या घरात पुसायची. रेघांना कुणी हात लावत नसे.

पण दसऱ्यानंतर कोडं कुणालाच सुटेना. सगळे एकाच जागी येऊन अडत.

"ओ चंपतराव," नागेश ओरडला, "तुमच्या पोरीनं आमच्या डोस्क्याचं भजं करून टाकलं! इथं दोनशिवाय काही बसत नाही, बाजूले सातशिवाय काही बसत नाही, अन् मधात लाल ठिपका! दोन अन् सात कायचे लागोपाठ?"

"मधातले चार जत्रेत हरवले असतील," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसू.

मित्रांनो, मला सगळं माहीत होतं. पण फळीला बोलता येत नाही.

चंपतरावांनी लेकीला फोन लावला. "माय, थे कोडं चुकलं म्हनतेत. दोन-सातापाशी अडते. तू पुसून दे, मी फळीवर भज्याचा भाव लिहितो. भाव चुकला तं कोनी हसत तं नाही."

तेजस्विनीनं फोटोही मागितला नाही. घाईत आपलाच ठिपका चुकीच्या जागी पडला असेल, असं तिनं मानून टाकलं. दिवाळीला ती घरी आली ती रंग काढायचं टर्पेंटाइन घेऊन. "पहिल्याले दोन उत्तरं, दुसऱ्याले एकबी नाही," ती आईला म्हणाली. "आता नाही करत मी कोडी."

तिनं फडकं भिजवलं आणि पुसण्याआधी ती चूक एकदा नीट पाहिली. ठिपक्याला नख लावलं. ठिपका भुकटी होऊन बोटाला लागला.

ऑइलपेंट असा निघत नाही.

"आई, याले कुंकू कोनं लावलं?"

कौशल्याबाई भजी तळत होत्या. "मीच लावलं दसऱ्याले. तुह्या बाबाच्या तराजूले लावलं, झाऱ्याले लावलं. थे तुह्यं हत्यार नाही का? मधात बरी जागा दिसली."

तेजस्विनीनं बाटलीचं झाकण लावलं.

"काऊन, चुकलं का माह्यं?" कौशल्याबाई ओला पदर घेऊन धावल्या. "थांब, पुसतो मी."

"नको पुसू," तेजस्विनी म्हणाली. तिनं ब्रश आणला आणि माझ्या तळाशी चौथा नियम लिहिला:

कुंकवाचा ठिपका नियमात धरू नये.

नागेशनं पुढच्या फेरीला तो वाचला, खडू घेतला आणि चहा गार होईपर्यंत माझ्यापुढून हलला नाही. उत्तर एकच निघालं. "वहिनी," तो कौशल्याबाईंना म्हणाला, "तुमी तं आमचा घामच काढला!" जाताना त्यानं लांबलचक हॉर्न वाजवला. भज्यांचा भाव चंपतरावांनी पुठ्ठ्यावर लिहिला.

त्यानंतर तेजस्विनी मला दर वर्षी नवं कोडं देते. कधी बुद्धिबळातल्या घोड्याच्या उडीवर तोच आकडा चालत नाही, कधी बेरजेच्या चौकटी असतात. जुने नियम जातात, चौथा राहतो. आता तळणाच्या धुरानं माझा रंग पिवळा पडला आहे, एक कोपरा उकलला आहे, आणि पुष्कळ गिऱ्हाइकं मान वर न करता मोबाइल बघत चहा पितात. असो.

मित्रांनो, मागणं एवढंच. कुणी हातानं केलेली वस्तू अडली, तर तिला नासकी म्हणण्याआधी जवळ जाऊन बघा. नख लावून बघा. आणि ती वस्तू तुमचीच असेल, तर आधी बघा, मग बाटली उघडा.

त्या दसऱ्याच्या सकाळी कौशल्याबाईंनी पहिला ठिपका मला लावला होता. तराजूला आणि झाऱ्याला नंतर.