कोपराची फळी

खापरावरचा मांडा खरा घडतो तो हातांवर. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घोळवत कोपरापर्यंत ताणत न्यायचा, इतका पातळ की पलीकडचं दिसावं. धुळ्याच्या आसपास लग्न निघालं की बोलावणं ताईबाईलाच यायचं. नवरा गेल्यावर तिचं पोट या मांड्यांवरच चाललं होतं. आणि एका लग्नघरी चुलीवरून उतरवताना तापलेलं खापर निसटलं, ते नेमकं तिच्या उजव्या कोपराच्या खोबणीत अडकलं आणि आतली कातडी भाजून निघाली.

रतिलाल डॉक्टर पहिल्या महायुद्धात, इराकातल्या बसऱ्याच्या लढाईत शिपायांच्या जखमा बघून आलेले. ताईबाईची थोरली जाऊ मोतीबाई, तिला त्यांनी समोर बसवून समजावलं. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं रोज जखम धुवायची, मग थोडा वेळ कोवळ्या उन्हात उघडी ठेवायची.

"आणि दिवे लागले की हात सरळ करून या फळीला बांधायचा. भरताना कातडी आखडते, बाई. हात दुमडलेला राहिला तर दुमडलेलाच भरेल."

"जखमले पाणी? सडी जाई हात!" शेजारची म्हातारी म्हणाली.

मोतीबाईनं तिचं ऐकलं नाही. पाणी, ऊन, पदरानं माश्या वारणं, काही चुकवलं नाही. फळी बांधली मात्र, ताईबाईनं घर डोक्यावर घेतलं.

"अक्का, सोड वं! मरी जासू मी!"

मोतीबाईच्यानं बघवेना. तिनं गाठी सोडल्या, धोतराचा तुकडा ताईबाईच्या गळ्यात अडकवला आणि दुमडलेला हात त्या झोळीत ठेवला. ताईबाईला लगेच झोप लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग फळी चुलीमागे गेली.

जखम झपाट्यानं भरत आली. लाल मांस वर आलं, कडेनं गुलाबी कातडी चढली. म्हातारी मुद्दाम बघायला आली.

"मोती, तुन्हा हातले गुण शे वं."

मोतीबाई दिवसभर खुशीत होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर झोळी काढली. ताईबाईनं हौसेनं कणकेचा गोळा घेतला. डावा हात लांबला, उजवा अर्ध्यात अडला. कोपराच्या आत कातडीची जाड दोरी ताठ उभी राहिली. कणीक एका बाजूला लोंबली, फाटली, जमिनीवर पडली. दोघींपैकी कुणीच ती उचलली नाही.

डॉक्टरांनी हात बघितला. "फळी?"

"ती रडायची," मोतीबाई जमिनीकडे बघत म्हणाली.

"जखम छान भरलीय. आता तीच कापून पुन्हा उघडावी लागेल. तरी हात पुरता सरळ होईल, असं मी सांगत नाही."

ताईबाईनं हात पुढे केला.

"कापा," ती म्हणाली.

कापल्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळी मोतीबाई दवाखान्यात फळी घेऊन आली. काजळी घासून घासून तिनं ती पांढरी केली होती. ताईबाईनं पदराचा बोळा दातांत धरण्याआधी एवढंच सांगितलं, "मी कितीबी रडले तरी, अक्का, सोडू नको."

मोतीबाईनं पहिली गाठ मारली. बोळा तोंडातून पडला आणि ताईबाई किंचाळली.

"काय कसाई बाई शे!" ओसरीवरून कुणीतरी म्हणालं.

मोतीबाईनं दुसरी गाठ मारली.